तारेवरच्या विमानाचे एंजिन : निवड आणि जोडणी

पंधरा-वीस मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा, एका टोकाला हातात धरावयाची मूठ आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्या एंजिनावर उडणारे छोटे विमान, एवढ्या साहित्यावर एक संपूर्ण क्रीडाप्रकार उभा आहे. त्याला कंट्रोल-लाइन असे नाव आहे. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी उभा राहून स्वतःभोवती फिरत असतो आणि विमान त्याच्याभोवती वर्तुळे घेत असते. मूठ कलती केली की एक तार मागे ओढली जाते व दुसरी तितकीच पुढे जाते. त्यासरशी पंखाच्या पोटात बसवलेली बेलक्रँक नावाची त्रिकोणी पट्टी फिरते आणि तिला जोडलेली सळई शेपटीवरील एलेव्हेटर वर किंवा खाली करते. वर आणि खाली, अशा दोनच आज्ञा विमानाला देता येतात. डावी-उजवीकडे वळण्याचा प्रश्न तारांनी मुळातच मिटवलेला असतो.

या सर्वसाधारण मांडणीत एंजिनाकडे मात्र एकही तार जात नाही. विमानाने जमीन सोडली की एंजिनाला हळू चाल, जोराने चाल, आता थांब, असे काहीही सांगण्याची सोय उरत नाही. टाकीतील इंधन असेपर्यंत ते चालते, इंधन सरले की थांबते आणि विमान घसरत खाली येते. म्हणून एंजिनाला जे काही सांगावयाचे ते विमान जमिनीवर असतानाच सांगून ठेवावे लागते. कोणते एंजिन घेतले, ते कशावर आवळले, टाकी किती उंचीवर बसवली, प्रोपेलर कोणता लावला आणि सुई किती उघडी ठेवली, या पाच गोष्टींतून ते सांगणे होत असते. नवशिका बहुधा फक्त पहिली गोष्ट विचारात घेतो, आणि तीही एंजिनाची ताकद पाहून. ही निवड चुकीची ठरते. वर्गात एखादा विद्यार्थी कधी शंभरपैकी नव्वद गुण मिळवतो तर कधी तीस, आणि दुसरा दर परीक्षेत सत्तर मिळवतो. तारेवरच्या विमानासाठी हा दुसरा विद्यार्थी हवा.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ‘फायरबॉल’ नावाचे विमान बाजारात आणून ही पद्धत लोकप्रिय केली. त्या काळची छोटी एंजिने पेट्रोलवर चालत आणि ठिणगीसाठी विमानाला बॅटरी, कॉइल व कंडेन्सर यांचे ओझे बरोबर वाहावे लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग विक्रीस आणला आणि हे ओझे एकदम उतरले. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे इवलेसे वेटोळे असते. एंजिन सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करतात. एंजिन चालू झाले की बॅटरी काढून घेतली तरी वेटोळे तप्तच राहते, कारण एक तर स्फोटाची उष्णता त्याला मिळत असते, आणि शिवाय मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर आपोआप मंद जळत राहते. रसायनशास्त्राचा इतका नेटका उपयोग खेळाच्या वस्तूत क्वचितच आढळेल.

दुसरी जात छोट्या डिझेलची. ती युरोपात वाढली. हिच्यात प्लग नाही आणि बॅटरीही नाही. दट्ट्याने दाबलेले मिश्रण दाबाच्या उष्णतेनेच पेटते. किती दाबावयाचे ते माथ्यावरील स्क्रूने ठरवता येते. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे साधारण समभाग मिश्रण, त्यात पेट घेण्यास मदत करणारे एखादे द्रव्य अगदी थोडे. डिझेल एंजिन मोठा प्रोपेलर संथपणे फिरवते व थोड्या इंधनात बराच वेळ चालते. ग्लो एंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात पाव हिश्शाच्या आसपास तेल आणि थोडे नायट्रोमिथेन. या तेलाच्या बाबतीत आपल्याकडील वाचकांना एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. धातूवर धातू घासत असताना, भरपूर तापल्यावरही टिकून राहणारे, शिवाय मिथेनॉलमध्ये सहज विरघळणारे तेल म्हणून जगभरचे विमानछांदिष्ट एरंडेल वापरतात, आणि एरंडेलाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे. त्यातही गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. बालपणी ज्याच्या नुसत्या वासाने मुले पळत सुटत, तेच तेल येथे एंजिनाचा जीव वाचवते. नव्या कृत्रिम तेलांनी त्याची जागा काही अंशी घेतली आहे. तथापि जुन्या घडणीच्या एंजिनात निम्मे तरी एरंडेल असावे, हा सल्ला आजही योग्य आहे.

दोन जातींपैकी कोणती घ्यावी? दोन्ही उत्तम आहेत. परंतु नवशिक्यासाठी ग्लो एंजिन अधिक सोपे पडते, कारण त्यात जुळवावयाची गोष्ट एकच, ती म्हणजे सुई. डिझेलमध्ये सुई आणि दाब या दोहोंचा मेळ घालावा लागतो. शिवाय डिझेलच्या पोटात इंधन फाजील साचले असता जोराने प्रोपेलर फिरवला, तर द्रव दबत नाही आणि आतला दांडा वाकतो. अशा वेळी दाबाचा स्क्रू सैल करून, प्रोपेलर हलके फिरवून साचलेले इंधन आधी बाहेर काढावयाचे असते.

आता आकार. एंजिनाच्या आकाराचे आकडे अमेरिकी पद्धतीने घन इंचात दिलेले असतात. ०.०४९ म्हणजे सुमारे ०.८ घनसेंटिमीटर, ०.१५ म्हणजे अडीच, आणि ०.३५ म्हणजे पावणेसहाच्या आसपास. लहान मुलाला लहान एंजिन द्यावे, हा विचार स्वाभाविक असला तरी पुरता बरोबर नाही. ०.८ घनसेंटिमीटरचे एंजिन स्वस्त असते, पण त्याची सुई नखाएवढी फिरली तरी चाल बदलते. विमान हलके असल्याने वाऱ्याची एक झुळूक त्याला वर्तुळाच्या आत ढकलते व तारा सैल पडतात. तारा सैल पडल्या की आज्ञा पोचत नाहीत, आणि मग विमान कोठे पडेल ते सांगता येत नाही. शिकण्यासाठी अडीच घनसेंटिमीटरचे एंजिन सर्वांत सोयीचे. सुमारे अर्धा ते पाऊण किलोचे विमान ते आरामात ओढते आणि पंधरा-सोळा मीटरच्या तारा ताणून धरते. कसरतीच्या विमानासाठी ०.३५ ते ०.४६ पर्यंतची एंजिने वापरतात. अशा विमानाचे वजन सव्वा किलोच्या आसपास असते.

या ताणाचा हिशेब एकदा करून पाहण्याजोगा आहे. सव्वा किलोचे विमान १९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ५.२ सेकंदांना एक फेरी घेत असेल, तर त्याचा वेग ताशी ८२ किलोमीटरच्या आसपास येतो. गोफणीतल्या दगडाप्रमाणे ते बाहेर जाऊ पाहते, आणि त्याची ओढ स्वतःच्या वजनाच्या पावणेतीनपट भरते. म्हणजे मुठीवर साडेतीन किलोचा भार सतत असतो. म्हणूनच उड्डाणापूर्वी विमान धरून ठेवून, मूठ, तारा आणि बेलक्रँक यांवर विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन पाहण्याचा दंडक आहे. मुठीचा पट्टा मनगटात अडकवणे हाही तसाच दंडक. तो पाळण्यास कंटाळा करणाऱ्याच्या हाती तारा देऊ नयेत.

ताकदीपेक्षा स्थिर चाल महत्त्वाची असे वर म्हटले. ती स्थिर चाल कशी असते, याचे नामांकित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘फॉक्स ०.३५ स्टंट’ हे एंजिन. ड्यूक फॉक्स यांनी ते चाळीसच्या दशकाच्या अखेरीस काढले आणि पुढे कित्येक दशके ते फारसा बदल न करता बनत राहिले. टेक्ससचे जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी आखलेले ‘नोब्लर’ हे कसरतीचे विमान याच एंजिनाच्या जोडीने गाजले. या एंजिनाला बॉल-बेअरिंग नाही. लोखंडी दट्ट्या पोलादी नळीत घासून बसवलेला. तेल जास्त मागणारे आणि कंपनही बऱ्यापैकी देणारे. त्याच्याहून जोरकस एंजिने त्या काळीही होती. तरी कसरतकारांनी याच एंजिनावर जीव लावला. त्याचे कारण त्याच्या आवाजात ऐकू येई.

हे एंजिन मुळात दोन-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट करणारे. परंतु मिश्रणात इंधन थोडे जास्त दिले, तर सिलिंडरमधील जळलेला वायू पुरता बाहेर न पडल्याने व मिश्रण जड असल्याने एका फेऱ्याला स्फोट चुकतो आणि पुढच्या फेऱ्याला होतो. दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे चार-स्ट्रोक एंजिनासारखी चाल. आवाज खर्जात उतरतो, वेग आवरलेला राहतो. सपाट उड्डाणात एंजिन असेच चालावे. मग उडवणाऱ्याने मूठ कलती केली आणि विमानाने नाक वर केले, की प्रोपेलरवरचा भार वाढतो, टाकी एंजिनाच्या खाली जाते, इंधनाचा पुरवठा किंचित घटतो आणि मिश्रण हलके होते. त्याबरोबर एंजिन दर फेऱ्याला स्फोट करू लागते. खर्जातला सूर एकदम चढतो, ताकद वाढते आणि विमान चढण चढून जाते. माथ्यावरून खाली वळताच सूर पुन्हा खर्जात. कसरतीच्या विमानाची सारी किमया या सूरबदलात आहे. ज्या एंजिनाला कोणी हात लावू शकत नाही, ते चढावर आपण होऊन जोर करते आणि उतारावर आपण होऊन स्वतःला आवरते. बैल पाहूनच घ्यावा असे शेतकरी म्हणतो. एंजिन ऐकूनच घ्यावे असे येथे म्हणता येईल. शर्यतीच्या वेगवान एंजिनात असा सूरबदल बहुधा मिळत नाही. ते एकाच वरच्या सुरात चालते किंवा थांबते. वेगाच्या स्पर्धेत अडीच घनसेंटिमीटरची एंजिने विमानाला ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास नेतात. ती अद्भुत आहेत, पण त्या स्पर्धेचे शास्त्र वेगळे आणि शिकाऊ माणसाचे तेथे काही काम नाही.

उत्तम एंजिनही वाईट टाकीने बिघडते, आणि दोष मात्र एंजिनावर येतो. नेहमीच्या विमानात इंधन खाली बसते. तारेवरच्या विमानात ते गोफणीच्या नियमाने बाहेरच्या अंगाला फेकले जाते. म्हणून टाकीचा बाहेरचा अंग निमुळता, पाचरीच्या आकाराचा करतात आणि इंधन ओढणारी नळी मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात नेऊन सोडतात. विमान सुलटे असो वा उलटे, शेवटचा थेंब तेथेच गोळा होतो. टाकी एंजिनाच्या जितकी जवळ तितकी चांगली. तिची मध्यरेषा स्प्रेबारच्या, म्हणजे ज्या छिद्रातून इंधन हवेत मिसळते त्या नळीच्या, उंचीवर यावी.

साध्या टाकीत आणखी एक खोड असते. इंधन कमी होत जाते तसा त्याचा पृष्ठभाग एंजिनापासून बाहेर सरकतो, पुरवठ्याचा जोर घटतो आणि मिश्रण हळूहळू हलके होते. पहिल्या मिनिटाला खर्जात चालणारे एंजिन पाचव्या मिनिटाला किंचाळू लागते. याला उपाय म्हणून हवेची नळी टाकीच्या आत इंधन-नळीच्या तोंडाशेजारी नेतात व तिचे बाहेरचे तोंड समोरच्या वाऱ्याकडे वळवतात. टाकी भरण्याचे दुसरे छिद्र मात्र उड्डाणापूर्वी बंद करावयाचे. आता टाकीत इंधन किती आहे याला महत्त्व राहत नाही. नळीच्या तोंडाशी हवेचा दाब सदैव सारखा राहतो आणि चाल आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी येते. या रचनेला युनिफ्लो म्हणतात. दोन नळ्या आणि थोडे डाख एवढ्यात होणारे हे काम एंजिन बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

एंजिन बसवण्यासाठी विमानाच्या नाकात कठीण लाकडाचे दोन समांतर दांडे हवेत. परदेशात मेपल वापरतात. आपल्याकडे सरळ रेषांचे, पक्के वाळलेले कोणतेही कठीण लाकूड चालेल. बाल्सावर एंजिन आवळणे म्हणजे भुसभुशीत मातीत खांब रोवणे. दांडे पंखापर्यंत मागे न्यावेत व दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवुड चिकटवावे. चारही बोल्ट आरपार घालून मागून नट घट्ट बसवावेत; लाकडात पिळलेले साधे स्क्रू कंपनाने ढिले होतात. कंपनाचा आणखी एक अदृश्य दुष्परिणाम आहे. टाकीतील इंधनाला फेस येतो, नळीत बुडबुडे शिरतात आणि एंजिन मध्येच आचके देते. अशा वेळी माणूस सुई फिरवीत बसतो, आणि खरा दोष ढिल्या बोल्टात असतो. टाकीखाली फोम रबराची पातळ घडी घालावी, हे त्याकरिताच.

विमान वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून त्याचा डावा पंख उडवणाऱ्याकडे असतो. प्रोपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट प्रतिक्रियेने विमान डावीकडे कलू पाहते. हे कलणे आत, म्हणजे तारा सैल करणारे. त्यावर उतारा म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडे वजन घालतात आणि एंजिनाचे नाक एक-दोन अंशांनी बाहेर वळवतात. जास्त वळवण्याचा मोह टाळावा. मग विमान तिरके ओढले जाऊन वेग वाया जातो.

प्रोपेलरवर दोन आकडे छापलेले असतात. १०×६ म्हणजे व्यास १० इंच, आणि घट्ट पदार्थात स्क्रू फिरावा तसा तो फिरला तर एका फेऱ्यात ६ इंच पुढे जाईल. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर ६ इंचांच्या हिशेबाने वेग ताशी ८२ किलोमीटर येतो, म्हणजे वर सांगितलेल्या पाच सेकंदांच्या फेरीइतकाच. हवा लाकडासारखी घट्ट नसल्यामुळे हिशेब ढोबळच राहतो, पण सुरुवात करण्यास पुरेसा आहे. ०.३५ च्या एंजिनास १०×६ किंवा १०×५, अडीच घनसेंटिमीटरच्या एंजिनास ८×४ ते ९×४ आणि चिमुकल्या ०.०४९ ला ६×३, असे प्रोपेलर घेऊन आरंभ करावा. विमान फार वेगाने पळत असेल तर सुईने एंजिन गुदमरवण्याऐवजी दुसरा आकडा लहान असलेला प्रोपेलर लावावा. लावण्यापूर्वी मधल्या छिद्रात सळई घालून तो तोलून पाहावा, व जड पात्याची पाठ काचकागदाने घासावी.

नवे एंजिन पहिल्या दिवशी विमानात घालून उडवू नये. ते एका भक्कम फळीवर आवळून आधी मुरवावे लागते. लोखंडी दट्ट्याच्या एंजिनाला भरपूर तेल व जड मिश्रण देऊन दोन-तीन मिनिटे चालवावे, पुरते थंड होऊ द्यावे आणि पुन्हा चालवावे. असे तासभर तरी. घाई केली तर दट्ट्या तापून ओरखडतो आणि एंजिनाची धाप कायमची जाते. ज्या एंजिनांत क्रोम चढवलेल्या पितळी नळीत ॲल्युमिनियमचा दट्ट्या असतो, त्यांची गोष्ट निराळी. ती थंड असताना दट्ट्या माथ्याशी अडकल्यासारखा वाटतो व नवशिका घाबरतो. नळी वरच्या अंगाला मुद्दाम किंचित निमुळती केलेली असते. तापल्यावर ती प्रसरण पावते आणि मगच दोघांचे बरोबर जुळते. अशा एंजिनाला फार थंड, फार ओले चालवले तर उलट झीज होते. ते लवकर तापू द्यावे आणि थोडक्यात मुरवणे आटोपावे.

आता सुई. बनवणाराने सांगितले असेल तितके फेरे, बहुधा तीन-चार, ती उघडावी. प्लगला बॅटरी लावून प्रोपेलर फिरवावा तो काठीने किंवा विजेच्या स्टार्टरने; बोटाने नव्हे. १० इंची प्रोपेलरचे टोक मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर ताशी ४३० किलोमीटर वेगाने जात असते आणि एकाच जागेवरून सेकंदाला ३०० वेळा पाते जाते. बोट मागे घेण्यास वेळच मिळत नाही. एंजिन सुरू होताच मागे जाऊन मागूनच सुई फिरवावी. प्रोपेलरच्या पातळीत, म्हणजे त्याच्या बाजूला, कोणीही उभे राहू नये. मुले तर मुळीच नाहीत.

सुई हळूहळू बंद करत गेले की आवाज खर्जातून चढतो. चढून स्थिर झालेल्या जागेपासून सुई थोडी उघडून परत खर्जात यावे. मग दोन परीक्षा घ्याव्यात. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरावी. एंजिनाचा सूर चढून सोडताच पुन्हा उतरला तर मिश्रण योग्य. नळी चिमटताच ते मान टाकू लागले तर मिश्रण आधीच हलके आहे. दुसरी परीक्षा नाकाची. साहाय्यकाने विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे. सूर चढावा आणि चढलेलाच राहावा. या दोन्ही परीक्षांत उतरलेले एंजिनसुद्धा हवेत थोडे अधिक वेगाने फिरते, कारण पुढे जाणाऱ्या प्रोपेलरवरचा भार कमी होतो. यास्तव जमिनीवर ते किंचित मंद वाटले तरी मन आवरावे. जमिनीवर ऐटीत किंचाळणारे एंजिन हवेत तिसऱ्या मिनिटाला तापून बंद पडते.

पहिल्या उड्डाणांत टाकी पूर्ण भरू नये. दोन मिनिटांपुरते इंधन पुरे. नवशिक्याला तेवढ्यातच भोवळ येते, आणि एंजिन बंद करण्याची सोय नाही हे येथे आठवावे. हात बसल्यावर फेऱ्यांची वेळ घड्याळ लावून मोजावी: पाच सुलट्या आणि, कसरत येऊ लागली की, पाच उलट्या. दोन्हींना सारखाच वेळ लागला तर टाकीची उंची बरोबर. उलट्या उड्डाणात विमान अधिक वेगाने जात असेल तर त्या स्थितीत मिश्रण हलके होत आहे, म्हणजे टाकी उंच बसली आहे. ती दीड मिलिमीटर खाली घ्यावी. सुलट्यात वेग जास्त असेल तर तितकीच वर. दर वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

जागेविषयी थोडे कडक शब्दांत सांगणे प्राप्त आहे. तारा पोलादी आहेत आणि त्यांचे टोक माणसाच्या हातात आहे. विजेच्या तारेला विमान किंवा त्याची तार स्पर्शली तर विद्युत्प्रवाह सरळ त्या माणसातून जमिनीत जातो. अशाने माणसे दगावलेली आहेत. लाकडी मूठ किंवा रबरी जोडे यांवर विसंबू नये. मैदानाच्या कडेने विजेचे खांब असतील तर ते मैदान सोडून द्यावे, मग ते कितीही सपाट व घराजवळ असो. ढग गडगडू लागले तरी तसेच. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुले-मुली ही विमाने उडवतात, आणि तेथे जागा व शिस्त दोन्ही मिळतात. एकट्याने शिकणाऱ्याला ती शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते.

अलीकडे या वर्तुळात विजेची मोटरही आली आहे. लिथियम बॅटरी, छोटे नियंत्रक यंत्र आणि टायमर यांच्या साहाय्याने ती ठरवलेले फेरे ठरवलेली मिनिटे देते आणि वेळ संपताच थांबते. तेल नाही, धूर नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. जे काम सुई, टाकी आणि कान यांनी मिळून होत असे, ते आधी आकडे भरून करता येते. अनेक नामांकित कसरतकार तिकडे वळले आहेत. ज्याला केवळ उडवणे शिकावयाचे आहे त्याने मोटर घेण्यास हरकत नाही. ज्याला एंजिन म्हणजे काय ते समजून घ्यावयाचे आहे, त्याला मात्र अडीच घनसेंटिमीटरचे ग्लो एंजिन एका हिवाळ्यात जे शिकवील ते पुस्तकातून क्वचितच मिळेल.

इंधनाची बाटली घरात कोठे ठेवावी, हा प्रश्न लहान वाटतो पण तसा नाही. मिथेनॉल विषारी आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. ईथर तर दूरच्या ठिणगीनेही पेटतो. म्हणून सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत हे इंधन कधीही भरू नये. मूळ डब्यातच, नाव लिहून, कुलपात आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवावे. मैदानावर भरतानाही विडी-सिगारेट ओढणाऱ्यास दूर उभे करावे.

दिवसाचे उडवणे संपले की टाकी रिकामी करावी आणि एंजिन कोरडे होईपर्यंत चालवून घ्यावे. मिथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि आतले पोलाद गंजते, म्हणून प्लग काढून आत हलक्या तेलाचे चार थेंब सोडावेत व प्रोपेलर हाताने दहा-बारा वेळा फिरवावा. एरंडेल जळून सिलिंडरवर तपकिरी थर बसतो. तो चाकूने खरवडू नये; पुढच्या खेपेपर्यंत एंजिन स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवावे, म्हणजे हवा जाण्याच्या तोंडातून वाळूचा कण आत शिरणार नाही.